बदकवाल्याचं खत

त्याला पाऊस म्हणायचा का, ह्यावरच आमच्याकडं दोन मतं आहेत. चौथा महिना लागला की ढग डोंगरावरून खाली उतरतात आणि शेतातच मुक्काम टाकतात. केसांवर, भुवयांवर, तुतीच्या पानांवर बारीक मणी होऊन बसतात. समोरचा चुनखडीचा डोंगर असा पुसट होतो, की आहे का गेला ते हात लावून बघावंसं वाटतं. तसल्या ढगातून मी विळा घेऊन वरच्या पट्ट्याकडं चालले होते, आणि ढगाच्या आतून आवाज आला... चिवचिव, चिवचिव.

जवळ गेले. बांधावर मोटरसायकल, तिला दोन्ही अंगांना डालगी बांधलेली, डालग्यांत बदकाची पिल्लं. आणि माझ्या गोमगवतात कमरेपर्यंत बुडालेला एक माणूस. मूठ मूठ पानं तोडत होता आणि डालग्यात अंथरत होता.

"ए, ठेव ते खाली."

त्यानं मान वर केली आणि हसला. त्याच्या पापण्यांवरसुद्धा मणी होते. मला राग आला — हातात विष धरून माणसानं इतकं छान हसावं कशाला?

"एवढं रान माजलंय ताई, चार पानं घेतली तर काय बिघडलं? पिल्लं गारठलीत."

"ताई कुणाला म्हणतोस? आणि ते रान नाही. सोमल आहे."

"सोमल? उंदराला घालतात तो?"

"उंदराला, बदकाला, तुला. सगळ्यांना चालतो."

त्यानं पानं टाकली. मग स्वतःच्या हाताकडं असं बघायला लागला, जसा काय तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मी त्याला घराजवळच्या नळावर नेलं. नळाचं पाणी पल्याडच्या डोंगरावरून येतं, ते चांगलं आहे. आधी त्याचे हात धुवायला लावले, मग डालगी, मग एकेक पिल्लू. मी धुवायचं, त्यानं पुसायचं. पुसायला काही नव्हतं म्हणून त्यानं अंगातला सदरा काढला. मी डोंगराकडं बघत धूत राहिले. डोंगर दिसत नव्हता, तरी.

"एवढं विष प्यायल्यावर हिरवं कसं राहतं ते?" त्यानं विचारलं.

"त्यालाच विचार."

"बोलतं?"

"शहाण्या माणसाशी बोलतं."

"मग मला तूच सांग," तो म्हणाला. "माझं नाव कायवेन. थानांच्यातला. नदीपलीकडं राहतो."

"मी विचारलं का?"

"नाही. म्हणून तर सांगावं लागलं."

मी मेंगांच्यातली आलियेन, हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. पण पुढच्या आठवड्यात तो नाव घेऊनच आला. आमच्या तिसऱ्या काकीनं सांगितलं असणार. ती दारात बसून रेशमाच्या अळ्यांसाठी तुतीची पानं खुडते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला फुकट माहिती देते.

"आलियेन, माझं एक पिल्लू हरवलंय. इकडं आलं का बघायला आलो."

"नदी ओलांडून?"

"बदक आहे ते. पोहता येतं त्याला."

दहा दिवसांनी दुसरं हरवलं. मग तिसरं. काकी पानं खुडता खुडता म्हणाली, "ह्या माणसाची पिल्लं लई हरवतात गं. धंदा कसा चालतो ह्याचा?"

येताना तो कधी बदकाची खारवलेली अंडी आणायचा, कधी पानात बांधलेला चिकट भात. बांधावर बसायचा. मी गवतातलं तण काढायची. ढग आमच्या दोघांच्या मधून ये-जा करायचे... मधेच तो दिसेनासा व्हायचा, नुसता आवाज उरायचा. तेव्हा बोलायला सोपं जायचं. तोंड दिसत नसलं की माणूस खरं बोलतो.

मी त्याला सांगितलं, आमचं गाव असं का झालं ते. वर डोंगरात खाण होती. मी लहान असताना एका पुरात तिच्या गाळाचा बांध फुटला आणि सगळा गाळ आमच्या भातात येऊन बसला. भात पिवळा पडला, मग उभा वाळला. तेव्हापासून आम्ही भात विकत आणून खातो. आजूबाजूचे आम्हाला कडूगाववाले म्हणतात. पोरी लग्न करून गेल्या त्या गेल्याच. मग तालुक्याची माणसं आली. म्हणाली, तुतीच्या ओळी लावा, रेशीम कुणी खात नाही. आणि ओळींच्या मधे हे नेचं लावा. पान गोमीसारखं, दोन्हीकडून पाय फुटल्यासारखं, म्हणून आम्ही त्याला गोमगवत म्हणतो. आमच्या चुन्याच्या भिंतींच्या भेगांतून ते आपलं आपणच उगवतं. लहानपणी आम्ही ते उपटून फेकायचो.

"पण ते सोमल खातं कशाला?" कायवेननं विचारलं. "गोड लागतो का त्याला?"

"त्याला खायचं असतं स्फुरद. खतातलं. मुळीला स्फुरदाची भूक असते. आणि सोमल दिसायला स्फुरदासारखाच, जुळा भाऊ. दारात उभा राहिला की मुळी त्याला स्फुरद समजून आत घेते."

"म्हणजे फसते."

"फसते. पण मरत नाही. आत आल्यावर कळतं, पाहुणा कोण आहे ते. मग त्याला मुळाशी बसू देत नाही. देठातून वर ढकलते, पानात नेते आणि कुलूप लावते. आम्ही पान कापायचं, बांधून गाडीत भरायचं. त्याची वेगळी भट्टी आहे, तिथं नेऊन जाळतात. इथं चुलीत घातलं तर धुरानं माणूस मरेल. खाली खोड राहतं, ते परत फुटतं, परत ओढतं."

"कीड लागत नाही?"

"एक घास घेते आणि दुसरं गाव बघते."

तो ढगात कुठंतरी होता. तिथूनच म्हणाला, "आता समजलं, तुझ्या आसपास कुणी का फिरकत नाही."

"तू फिरकतोस की."

"मी अजून एक घासही घेतलेला नाही..."

मी हातातलं तण आवाजाच्या दिशेनं फेकलं. लागलं असावं. हसू ऐकू आलं.

त्या उन्हाळ्यात मी काय काय विसरायची. भाताला आधण ठेवून विसरायची, काकीला हाक मारून कशाला मारली ते विसरायची. संध्याकाळी अळ्यांना पानं घातली की त्या खायला लागतात, सगळ्या मिळून, आणि छपरावर पाऊस लागल्यासारखा आवाज होतो. मी तिथंच टोपल्यांच्या मधे बसून राहायची. डोळे मिटले की वाटायचं, बाहेर ढग उतरलाय, ढगात कुणीतरी आहे...

बा बांबूची गुडगुडी ओढत म्हणायचा, "पोरी, कुणाचं नाव सांगून टाक, म्हणजे मी मरायला मोकळा."

"वरचा पट्टा मोकळा झाला की सांगते."

हे मी आधीच ठरवलेलं होतं, कायवेनच्या आधीपासून. बाला मी एकटीच. आमच्यात एकटी पोर असली की नवरा घरी येतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण कडूगावात कोण येणार? म्हणून मी म्हणलं होतं, आपल्या एका तरी पट्ट्यात भात उभा करते, मग त्या भाताच्या जोरावर नवरा बघू. वरचा पट्टा सगळ्यात कमी बिघडलेला. आदल्या वर्षी तालुक्याच्या माणसांनी माती नेली, मोजली आणि म्हणाले, होत आलंय, अजून एक कापणी अशीच भरली तर त्याच्या पुढच्या वसंतात इथं भात लावा.

एक कापणी. मी हे कायवेनला सांगितलं. का सांगितलं, ते त्यालाही कळलं आणि मलाही. दोघंही मग बराच वेळ नदीकडं बघत बसलो.

"एकच?" तो म्हणाला.

"एकच."

"आणि ती चांगली भरली तर..."

"तर भात."

"हां... भातच म्हणतोय मी."

आठव्या महिन्याची पुनव झाली, आणि दोन-चार दिवसांनी सकाळी मी पट्ट्यावर गेले. आधी वास आला. मग दिसलं. वरच्या पट्ट्याची जमीन काळीभोर झाली होती. गोमगवताच्या एकेका खोडाशी बदकखताची ओंजळ टाकलेली, अगदी हातानं, मायेनं. पहाटेपासून पाऊस लागला होता आणि खताचं काळं पाणी जमिनीत मुरत होतं. कायवेन बांधावर उभा होता. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांतून पाणी, आणि तोंडावर ते हसू.

"वर्षभराचं साठवलेलं आहे," तो म्हणाला. "कुजवून, चाळून. आई म्हणाली, सगळं नेलंस तर मी भाजीला काय घालू? म्हणलं, भाजी पुढच्या वर्षी खा, आधी सून बघ."

मी उभीच राहिले.

"काय झालं? वासानं डोळे भरले का?"

"हे कशाला केलंस?"

"दमल्यासारखं वाटलं मला ते गवत. म्हणलं, अंगात जोर आला की भराभरा ओढेल, लवकर मोकळं होईल, मग लवकर..." तो थांबला. "मग तुझ्या बाला लवकर भात मिळेल."

आमच्या खोऱ्यात पोरीच्या बापाच्या शेतात खत नेऊन टाकणं म्हणजे सोन्याची साखळी नेण्यापेक्षा मोठं. बदकखत तर विकतही कुणी देत नाही. त्यानं घरातलं होतं नव्हतं ते सगळं आणून टाकलं होतं. आणि खत घालू नकोस असं मी त्याला वेगळं सांगितलं नव्हतं. कोण सांगतं? चुलीत हात घालू नकोस असं आपण कुणाला सांगतो का?

"कायवेन," मी म्हणलं, "त्याला भूक कशाची असते?"

"स्फुरदाची. तूच तर..." आणि त्याचा आवाज तिथंच बसला. "बदकखतात..."

"नुसतं स्फुरद. आता पोट भरलं त्याचं. पोट भरलेलं असताना दारात आलेल्या जुळ्याला कोण आत घेतं?"

तो गुडघ्यावर बसला आणि हातानं खत ओरबाडायला लागला. एका खोडाजवळचं काढलं, दुसऱ्याजवळचं काढलं. काळं पाणी त्याच्या बोटांतून गळत होतं.

"राहू दे."

"काढतो मी. संध्याकाळपर्यंत सगळं काढतो."

"राहू दे म्हणते ना. मुरलेलं पाणी कुणाला काढता येतं?"

तरी तो काढत राहिला. मी त्याला तिथंच सोडून घरी आले.

त्यानंतर ते गोमगवत जे सुटलं, काय सांगू. छातीपर्यंत आलं. पानं रुंद, लकाकणारी, ढग उतरला की टोकाटोकावर थेंब धरून उभी. इतकं देखणं ते कधीच नव्हतं. मी जाऊन मधे उभी राहायची, चहूबाजूंनी हिरवं, वर पांढरं, पाण्याखाली उभं राहिल्यासारखं वाटायचं. हात लावायची आणि मनात म्हणायची, अरे, काहीच घेतलं नाहीस तू. नुसता नटलास.

कापणी झाली. तालुक्याची माणसं पानं घेऊन गेली, माती घेऊन गेली, आणि सांगायला आली. पानांत सोमल निम्म्यावर उतरलाय, माती होती तिथंच आहे. यंदा भात नाही. पुढच्या वर्षी बघू. खत कुणी घातलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणलं, चुकून पडलं.

ते गेल्यावर बा हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. "खत घालून स्वतःचंच लग्न लांबवणारा जावई मी उभ्या जन्मात बघितला नव्हता," म्हणाला.

मला हसू आलं नाही. कायवेन निकाल ऐकायला आला होता, त्याला मी दारातच सांगितलं, "एक वर्ष गेलं. आता येऊ नकोस."

"आलियेन, मी..."

"नको म्हणलं ना."

राग खताचा नव्हता. किती वर्षं मी त्या पट्ट्याकडं घाई न करता बघत आले होते, गवत जसं ओढेल तसं ओढेल म्हणत. त्या एका उन्हाळ्यात मला पहिल्यांदा घाई झाली होती. ती कुणामुळं झाली, त्याच्यावर राग होता. असला राग माणसाला सांगता येत नाही. सांगितला तर तो राग राहतच नाही.

थंडी आली. तुती उघडी पडली, अळ्यांचं घर रिकामं झालं. छपराखाली पावसाचा आवाज नाही.

काकी म्हणाली, "पिल्लं हरवायची थांबली वाटतं."

"थांबली."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि स्वतःच रस्त्याकडं बघत बसली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्याच्या आईनं म्हणे नदीच्या खालच्या अंगाची एक मुलगी बघितलीय. त्यांच्याकडं भाताची दोन पिकं निघतात."

"निघू देत."

"निघणारच. मी काय अडवतेय का?"

त्या दिवशी मी पानं नसलेल्या टोपल्या धुवून काढल्या. सगळ्या.

तिसऱ्या महिन्याच्या तिजेला नदीकाठच्या माळावर गाणी असतात. पोरी एका बाजूला, पोरं एका बाजूला, आणि गाण्यातून सवाल-जवाब. पाच रंगांचा भात, झाडपाल्याच्या रसात रंगवलेला. आणि अंडी. उकडून रंगवलेलं अंडं जाळीत घालून पोरी गळ्यात अडकवतात. पोरगा आपलं अंडं घेऊन येतो आणि तिच्या अंड्यावर आपटायला बघतो. नको असेल तर तिनं तळहातानं अंडं झाकायचं. हवा असेल तर झाकायचं, पण अर्धंच. फुटलं की दोघांनी बाजूला जाऊन सोलून खायचं, मग बोलणी सुरू.

आमच्या गावच्या पोरींच्या अंड्यावर कुणी अंडं आपटत नाही. कारण फुटल्यावर ते खावं लागतं. कोंबडीला आम्ही विकतचा दाणा घालतो, पण ते कुणाला सांगत फिरणार? दर वर्षी मी सबंध अंडं घेऊन परत यायची आणि काकी ते मिठाबरोबर खायची. चांगलं अंडं वाया घालवू नये म्हणायची.

जायचं नव्हतंच मला. बानं पाठवलं. सकाळपासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं, नाहीतर जमलं होतं, त्याचं तोंड बघून कळत नाही. "जा गं, घरात बसून मला काय बघतेस," म्हणाला.

माळावर ऊन होतं आणि नदीवर अजून ढग. गाणं पाण्यावरून यायचं, अर्धं ढगात राहायचं, अर्धं कानावर पडायचं. मी पिंपळाखाली उभी होते. आणि ढगातून होडी निघाली, होडीतून कायवेन उतरला. हातात लाल रंगवलेलं बदकाचं अंडं. सरळ माझ्याकडं चालत आला. आजूबाजूची गाणी हळू झाली. कडूगावच्या पोरीकडं कोण चाललंय, हे सगळ्यांना बघायचं होतं.

मी तळहात ठेवला. पुरता.

त्यानं हात खाली घेतला. परत मात्र फिरला नाही.

"अजून राग आहे?"

"आहे."

"किती?"

"वर्षभराचा."

"हिशेब बरोबर आहे," तो म्हणाला. "माझ्यामुळं तुझं एक वर्ष गेलं. ते मला भरू दे. मी तुमच्या गावात येतो. काकीच्या अळ्यांच्या घराला माळा आहे, तिथं राहीन. तण काढीन, पान कापीन, गाडीत भरीन. कापणी झाली, त्यांनी मोजलं, की मग तू ठरव. तोवर मी लग्नाचं नाव काढणार नाही."

"आणि मोजल्यावर परत कमी भरलं तर?"

"तर त्याच्या पुढचं वर्ष. ते माझ्या चुकीचं नसलं तरी."

"खालच्या अंगाची मुलगी?"

"कुठली?" मग त्याला आठवलं. "आईनं बघितली होती. मी नव्हती बघितली."

"बदकांना आमच्या वावरात येता येणार नाही. कितीतरी वर्षं."

"बदकं आईकडं. ती म्हणाली, बदकांना तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे, ती नको त्या गवतात शिरत नाहीत."

मला हसू यायला लागलं होतं. मी ते ओठांत धरून ठेवलं.

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, त्या गावाचं पाणी पिऊ नकोस."

"मग?"

"सकाळी तू पट्ट्यावर होतीस तेव्हा तुझ्या बाकडं दोन वाट्या चहा पिऊन आलो."

"बा मला बोलला नाही."

"मीच म्हणलं, बोलू नका. आधीच कळलं असतं तर तू घरातूनच हात झाकून निघाली असतीस."

पलीकडं पोरींनी गाणं परत उचललं होतं, पण डोळे सगळे इकडंच. ऊन त्याच्या पापण्यांवर आलं होतं. मी लई वेळ त्या लाल अंड्याकडं बघत राहिले, म्हणजे त्याच्या तोंडाकडं बघायला नको.

"हे फुटलं तर खावं लागेल," मी म्हणलं. "आमच्या कोंबडीचं आहे. आमच्या अंगणातलं."

"मीठ आणलंय," कायवेन म्हणाला.

हात मी काढला नाही. बोटं तेवढी सैल केली... एकेक करून... अंड्याची एक कड उन्हात येईल एवढीच.

टक्क आवाज झाला. आधी कुणाचं फुटलं, ह्यावर आमचं आजही भांडण होतं, वरच्या पट्ट्यातला भात जेवता जेवता.